सिगारेट सोडताना वात कशी जमवली

इंग्लंडमध्ये राहणारी, सिगारेट सोडायची ठरवलेली आणि त्यासाठी व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, आधार घेतलेली मराठी माणसं माझ्या ओळखीत बरीच आहेत. त्यातले काही जण तयार कॉइलच्या (लिक्विड तापवून वाफ करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) खर्चाला आणि जळक्या चवीला वैतागून परत सिगारेटकडे वळले. स्वतः कॉइल बांधायची, त्यात लिक्विड शोषून घेणारी वात स्वतः घालायची, हे ऐकलं की त्यांना धास्ती वाटते. मलाही वाटली होती. म्हणून 2024 च्या जानेवारीपासून काय काय घडलं, कशाला किती पैसे आणि किती वेळ लागला, हे क्रमाने लिहितो आहे.

आधी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात हे सगळं बंद आहे. त्यामुळे इथे लिहिलेलं भारतातल्या कोणी करून बघू नये. तिथे सिगारेट सोडायचे दुसरे मार्ग आहेत, त्यातल्या एकाबद्दल पुढे लिहिलंय. दुसरं म्हणजे ज्याने कधी सिगारेट ओढलेली नाही, त्याने यात पडायचं काहीच कारण नाही. व्हेप निर्धोक नाही. सिगारेटपेक्षा त्याचा धोका बराच कमी आहे, एवढंच इथली आरोग्यसेवा म्हणते, आणि ते सिगारेट ओढणाऱ्यांना उद्देशून आहे.

मी रेडिंगला राहतो. जानेवारीत खोकला जाईना म्हणून जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. छाती तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला किती?" मी म्हटलं, "पंधरा-वीस." त्यांनी काही उपदेश केला नाही. धूम्रपान सोडवणाऱ्या स्थानिक सेवेकडे तिथल्या तिथे नाव पाठवलं आणि आठ-दहा दिवसांत फोन येईल म्हणाल्या. फोन यायला दोन आठवडे लागले. फोनवर पोस्टकोड, जीपीचं नाव, इतर औषधं, मानसिक आरोग्याबद्दल प्रश्न, मग संमती. एक प्रश्न लक्षात राहिला: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांत? माझं उत्तर होतं दहा. निकोटीनची सवय किती खोल आहे हे त्यावरून कळतं म्हणे, आणि नंतर निकोटीनची मात्रा ठरवताना याच उत्तराचा उपयोग झाला.

फेब्रुवारीच्या पहिल्या भेटीत एका छोट्या यंत्रात फुंकायला लावलं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र. न ओढणाऱ्याचा आकडा दहाच्या खाली येतो, माझा चोवीस आला. समुपदेशक बाईंनी पर्याय समोर मांडले. निकोटीनच्या पट्ट्या आणि गम, किंवा व्हेप. पट्ट्या प्रिस्क्रिप्शनवर घेतल्या तर तेव्हाच्या दराने 9 पौंड 65 पेन्स. व्हेपचा सुरुवातीचा संच त्यांच्या योजनेतून फुकट. ही योजना प्रत्येक कौन्सिलमध्ये वेगळी असते, कुठे व्हाउचर देतात, कुठे काहीच नाही, तेव्हा आपल्याकडे काय मिळतं ते पहिल्याच फोनवर विचारा.

मी व्हेप निवडलं, कारण पट्टीने हाताची आणि ओठांची सवय जात नाही हे मला आधीच्या अनुभवावरून माहीत होतं. शिवाय लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचा 2019 मधला अभ्यास मी वाचला होता. 886 लोक, अर्ध्यांना पट्टी-गमसारखी उत्पादनं, अर्ध्यांना ई-सिगारेट, सोबत दोघांनाही समुपदेशन. वर्षभराने ई-सिगारेटवाल्यांपैकी 18 टक्के सिगारेटमुक्त होते, दुसऱ्या गटात 9.9 टक्के. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, तो कोणी फारसा सांगत नाही. ई-सिगारेटच्या मदतीने सुटलेल्यांपैकी 80 टक्के लोक वर्षानंतरही ती ओढतच होते. म्हणजे हे साधन सिगारेट सोडवतं, स्वतः मात्र सहजी सुटत नाही. माझ्या डोक्यात ते पहिल्या दिवसापासून होतं.

फुकट मिळालेला संच म्हणजे पेनासारखी बॅटरी आणि वर प्लास्टिकची पॉड, म्हणजे लिक्विड आणि कॉइलची छोटी डबी. दर मिलिलिटरला 18 मिलिग्रॅम निकोटीनचं लिक्विड. पहिला आठवडा जड गेला, दुसरा बरा. मार्चमध्ये परत यंत्रात फुंकलं तेव्हा आकडा 2. त्या बाईंनी तो फॉर्मवर लिहिला आणि मला दाखवला. मला फार बरं वाटलं.

अडचण सुरू झाली ती तयार कॉइलपासून. पाच कॉइलच्या पाकिटाला बारा पौंड. एखादी आठवडाभर चालायची, एखादी दुसऱ्याच दिवशी जळकी लागायची. जळक्या वातीची चव ज्याने घेतली नाही त्याला सांगून कळणार नाही. घसा खरवडून निघतो आणि पुढचा तासभर जिभेवर राख बसल्यासारखी राहते. नेमक्या अशा वेळी ऑफिसबाहेर कोणीतरी सिगारेट पेटवलेली असते. सिगारेटकडे परत जाण्याचा मोह मला प्रत्येक वेळी अशाच क्षणी झाला. निकोटीन कमी पडलं म्हणून तो झाला नाही, हातातलं साधन खराब झालं म्हणून झाला. म्हणूनच वातीबद्दल मी इतकं तपशिलात लिहितो आहे.

एप्रिलमध्ये गावातल्या एका जुन्या व्हेप दुकानात गेलो. काउंटरमागचे गृहस्थ पन्नाशीचे होते. माझी जळकी कॉइल त्यांनी चिमट्याने उघडून आतला कापूस बाहेर काढला. मधोमध काळा ठिपका, दोन्ही टोकं पांढरी. "टोकं ओली आहेत आणि मध्य जळलाय. लिक्विड मध्यापर्यंत पोचतच नाहीये," ते म्हणाले. पुन्हा पुन्हा बांधता येणारी टाकी, म्हणजे आरटीए, त्यांनी तेव्हा दाखवली. आत छोटा धातूचा डेक, म्हणजे बैठक, दोन खांब, खांबांना स्क्रू. तार तुम्ही गुंडाळायची, कापूस तुम्ही घालायचा, वर काचेची टाकी बसवायची.

खर्च असा झाला: टाकी 28 पौंड, वॉट बदलता येणारा मॉड (बॅटरीचा डबा) 32, दोन 18650 मापाच्या बॅटऱ्या 12, कांथल या तापणाऱ्या मिश्रधातूच्या तारेचं रीळ 4, कापसाचं पाकीट साडेचार, आणि चिमटा, कटर, स्क्रूड्रायव्हर, गुंडाळायची सळई असा हत्यारांचा डबा 15. सगळे मिळून शंभराच्या आत. इथे वीस सिगारेटचं पाकीट तेव्हा चौदा-पंधरा पौंडांना होतं. टाकी दोनच मिलिलिटरची, बाटली दहाच मिलिलिटरची आणि निकोटीन दर मिलिलिटरला जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम, हे 2016 च्या नियमांमुळे. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा टाकी भरावी लागते.

तारेचं काम मला वाटलं होतं तेवढं कठीण निघालं नाही. 28 गेजची कांथल, अडीच मिलिमीटरची सळई, सहा वेढे. रोध एक ओहमच्या थोडा वर येतो, आणि सिगारेटसारखा आधी तोंडात आणि मग छातीत झुरका घेणाऱ्याला 12 ते 14 वॉट पुरतात. कॉइल खांबांत आवळल्यावर, कापूस घालण्याआधी, कमी वॉटवर बटण थोडं थोडं दाबून ती तापवायची. मधून लाल होऊन लाली कडांकडे पसरली की झालं. एखादा वेढा आधी पेटत असेल तर गार झाल्यावर चिमट्याने वेढे हलकेच चेपायचे. अशी कोरडी लाल करायची ती कांथल, नायक्रोम किंवा स्टील. निकेल आणि टायटॅनियमच्या तारा अशा तापवायच्या नसतात. मॉडने ओहम नीट दाखवले नाहीत, आकडा उड्या मारत असेल, तर स्क्रू सैल आहे किंवा तार डेकला टेकली आहे. ते सुधारल्याशिवाय पुढे जायचं नाही. बॅटरीचं वेष्टन फाटलं असेल तर ती वापरायची नाही, आणि सुटी बॅटरी किल्ल्यांसोबत खिशात टाकायची नाही.

आता वात.

दुकानातल्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी मला एक प्रश्न विचारला होता: "तुझ्या लिक्विडमध्ये व्हीजी किती?" लिक्विडचं अंग म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि वनस्पती तेलापासून काढलेलं ग्लिसरीन, थोडक्यात पीजी आणि व्हीजी. पीजी पातळ, व्हीजी पाकासारखं दाट. अर्धं-अर्धं मिश्रण वातीतून पटकन चढतं, 70 टक्के व्हीजीचं हळू. वात किती घट्ट भरायची, कोणत्या धाग्याची घ्यायची, हे सगळं यावर अवलंबून. समईतली वात तेल जशी वर खेचते, तसंच हे. फरक एवढाच की इथे एका झुरक्यात मधलं लिक्विड उडून जातं आणि पुढच्या झुरक्याआधी ते पुन्हा भरून यावं लागतं. तेवढ्या वेळात आलं नाही, तर कापूस जळतो.

बाजारात काय काय मिळतं आणि मी काय काय वापरलं, ते सांगतो.

जुन्या यंत्रांत सिलिकाची दोरी असायची. काचेसारख्या धाग्यांची, पांढरी, गुळगुळीत. ती जळत नाही, म्हणून कॉइल तिच्यासकट लाल करून साफ करता येते. पण लिक्विड हळू चढतं आणि चव मंद लागते. शिवाय वारंवार तापवून ती ठिसूळ होते, कापताना तिचे बारीक तुकडे बोटांना टोचतात. ते फुप्फुसात जायला नकोत, एवढ्या कारणाने मी ती बाजूला ठेवली. स्टीलची जाळी गुंडाळून तिची वात करायची पद्धतही होती. जाळी आधी ज्योतीवर तापवून तिच्यावर ऑक्साइडचा थर आणायचा, म्हणजे तारेशी तिचं शॉर्ट होत नाही. मन लावून करणाऱ्यांना ती आवडते. मला रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी काम व्हायला हवं होतं.

राहिले कापूस आणि रेयॉन.

कापसात तीन प्रकार हाताळले. पहिला, व्हेपसाठीच विकतात तो साफ केलेला कापूस. पाकिटात चौकोनी लाद्या किंवा पट्ट्या. हा तसाच वापरता येतो, उकळायची गरज नाही, पहिल्या झुरक्यापासून चव स्वच्छ. एक पाकीट मला तीन-चार महिने पुरतं. दुसरा, चेहरा पुसायच्या जपानी पद्धतीच्या चौकोनी पॅड, ब्लीच न केलेल्या. त्यांची वरची आणि खालची दाबलेली साल सोलून टाकायची आणि मधला मऊ भाग घ्यायचा. स्वस्त पडतात आणि खूप चांगल्या चालतात, पहिल्या एक-दोन टाक्यांना मात्र हलकी कापसाची चव येते. तिसरा, अंघोळीच्या सामानातले कापसाचे गोळे. पाकिटावर नीट बघा. बऱ्याच गोळ्यांत पॉलिस्टर मिसळलेलं असतं, आणि पॉलिस्टर तापल्यावर वितळतं. पाकिटावर शंभर टक्के कापूस असं लिहिलेलं नसेल तर घेऊच नका.

आणि एक चौथा, जो मी कॉइलमध्ये घातला नाही, पण त्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. आई जळगावहून येणाऱ्याबरोबर देवघरासाठी वातींचं पाकीट पाठवते. घरच्या कापसाच्या, सरकी काढून हाताने वळलेल्या. एका रविवारी दोन ग्लासांत पाणी घेतलं. एकात दुकानच्या कापसाचा चिमूटभर पुंजका टाकला, दुसऱ्यात आईच्या वातीचा. दुकानचा कापूस क्षणात पारदर्शक झाला आणि तळाला गेला. वातीचा पुंजका वर तरंगत राहिला. बोटाने खाली दाबला तरी परत वर आला, आणि त्याच्या अंगाला हवेचे चकचकीत बुडबुडे चिकटलेले दिसत होते. कच्च्या कापसाच्या धाग्यावर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. मेणाला तेल-तूप चालतं, म्हणून समईत ती वात छान जळते. पाणी चालत नाही, आणि पीजी-व्हीजी पाण्याच्या जातीचे आहेत. औषधाच्या दुकानातला शोषक कापूस अल्कलीत उकळून हे मेण काढलेला असतो. जुने लोक कापूस उकळून घ्यायला का सांगतात, हे त्या दोन ग्लासांनी मला दाखवलं. तुम्हाला कोणत्याही कापसाबद्दल शंका असेल तर हीच परीक्षा करा. दोन मिनिटं लागतात. बुडाला तर वापरा, तरंगला तर देवघरात ठेवा.

जाता जाता, हे उलट्या बाजूनेही लक्षात ठेवायला हवं. तेल या टाकीत कधीही, कुठल्याही कारणाने घालायचं नाही. निलगिरीचं नाही, पुदिन्याचं नाही, घरगुती औषधाचं नाही. तेलाची वाफ फुप्फुसात जाऊन बसते आणि गंभीर आजार होतो.

रेयॉन मी जूनमध्ये घेतलं. हे मुळात केशकर्तनालयाचं सामान आहे. पर्म करताना औषध चेहऱ्यावर ओघळू नये म्हणून कपाळाभोवती लांब दोरासारखा पट्टा लावतात, तो. लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा, दिसायला कापसासारखाच, थोडा चमकदार आणि निसरडा. केसांच्या सामानाच्या दुकानात भला मोठा डबा मिळतो, माझा दहा पौंडांच्या आत आला आणि तो संपणं कठीण आहे. रेयॉनचं वागणं कापसाच्या उलट. कापूस भिजला की फुगतो, म्हणून कोरडा असताना तो कॉइलमधून सहज सरकला पाहिजे. रेयॉन भिजल्यावर बसतं, आकसल्यासारखं होतं, म्हणून कोरडं असताना ते दाटून भरावं लागतं, इतकं की ओढताना कॉइल किंचित हलते. ज्याने कापसाच्या हिशोबाने रेयॉन भरलं त्याची टाकी गळणार. ओल्या रेयॉनची ताकदही कमी होते, जुनी वात ओढून काढताना तुकडे होतात, ते चिमट्याने वेचून काढायला लागतात. कापूस ओला झाला की उलट मजबूत होतो.

माझं मत विचाराल तर दाट लिक्विड आणि जास्त वॉट वापरणाऱ्याला रेयॉन खरंच चांगलं. लिक्विड पटकन पोचतं, चव गोड आणि स्पष्ट लागते. अर्धं-अर्धं लिक्विड आणि 13 वॉट असं माझ्यासारखं कोणी वापरत असेल तर साधा कापूस बरा. तो फुगून जागा भरतो, हाताची थोडी कमी-जास्ती सांभाळून घेतो. पहिल्यांदा बांधणाऱ्याला मी कापूसच देतो. महागड्या नावांच्या मागे लागू नका. तागासारखे हेंपचे धागे, टोकाला प्लास्टिक लावलेल्या बुटाच्या नाडीसारख्या तयार वाती, हे सगळं आता मिळतं. तयार नाडीची वात ओवायला सोपी आहे, पण तिची जाडी ठरलेली असते आणि सगळ्यांची कॉइल त्या मापाची नसते.

भरायची रीत अशी जमली. पट्टी कॉइलच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित रुंद कापायची. एक टोक दोन बोटांत पीळ देऊन बारीक करायचं आणि कॉइलमधून ओवायचं. ओढताना हाताला हलका, सलग अडसर लागला पाहिजे. कॉइल वाकत असेल तर कापूस जास्त, टोक नुसतं घसरत असेल तर कमी. नंतर मधला भाग एकदा पुढे-मागे सरकवून कॉइलच्या मध्यावर ताजा, न पिळलेला कापूस आणायचा. दोन्ही शेपट्या डेकच्या बाहेरच्या कडेएवढ्या लांब ठेवून कापायच्या.

यापुढची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळं तिच्यावरच आहे. शेपट्या विंचरायच्या. चिमट्याचं टोक कापसातून बाहेरच्या दिशेला चार-पाच वेळा फिरवलं की सैल धागे निघून येतात आणि शेपटीचा घट्टपणा जवळजवळ निम्मा होतो. मध्ये घट्ट, टोकाला विरळ, अशी वात झाली पाहिजे. मग त्या शेपट्या डेकच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत सोडायच्या. खाचेच्या तोंडावर कापूस अलगद टेकला पाहिजे, आत ठासला नाही पाहिजे. ठासला तर लिक्विड येत नाही आणि कोरडा, जळका झुरका मिळतो. खाच उघडी राहिली तर लिक्विड हवेच्या भोकातून खाली येतं आणि खिसा ओला होतो. नंतर कापसावर थेंबथेंब लिक्विड सोडायचं, तो पूर्ण अर्धपारदर्शक होईपर्यंत. कुठे पांढरा ठिपका दिसला तर तिथे अजून एक थेंब. कमी वॉटवर दोनदा बटण दाबायचं, सगळीकडून सारखी चरचर यायला हवी. मग काच बसवायची, हवेचं भोक बंद करून टाकी भरायची, आणि दहा मिनिटं थांबायचं. मी त्या दहा मिनिटांत चहा करतो.

पहिले दोन महिने कधी गळायचं, कधी कोरडं लागायचं. ऑगस्टपर्यंत हात बसला. एकदा बसला की ते आपोआप होतं, आता डोकं दुसरीकडे असतानाही शेपटी जाड राहिलेली बोटांना कळते. गोड लिक्विड असेल तर वात तीन-चार दिवसांत तपकिरी होते, कारण त्यातलं सुक्रालोज कॉइलवर करपून बसतं. साधं पुदिन्याचं किंवा तंबाखूच्या चवीचं लिक्विड असेल तर आठवडा आरामात. बदलताना कापूस काढून टाकायचा, कॉइल कोरडी लाल करायची, गार झाल्यावर नळाखाली धरून मऊ ब्रशने घासायची. अशी एक कॉइल मला महिनाभर पुरते. तयार कॉइलवर महिन्याला जे वीस-पंचवीस पौंड जायचे, तिथे आता कापूस आणि तार मिळून दोन पौंडही होत नाहीत. घरात लहान मूल असेल तर लिक्विडच्या बाटल्या कुलपात ठेवा. निकोटीन पोटात गेलं तर ते विष आहे, आणि बोटांना लागलं तर लगेच हात धुवायचे.

डिसेंबर 2024 मध्ये जळगावला जायचं होतं. बायकोने तिकीट काढतानाच विचारलं, "ते मशीन घेऊन जाणार नाहीस ना?" नाही. कायद्यात आयात आणि वाहतुकीला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. स्वतःपुरतं एकच आहे, कस्टमवाले कुठे बघतात, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. मी समुपदेशक बाईंना महिनाभर आधी फोन केला. त्यांनी दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम सुचवला, आणि तो भारतात औषधाच्या दुकानात सहज मिळतो. त्याची पद्धत वेगळी आहे. साध्या च्युइंगगमसारखा चावत राहिलं तर उचक्या आणि मळमळ. हळू चावायचा, जिभेला चरचर झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चरचर गेली की पुन्हा चावायचा. चहा घेतल्यावर लगेच तोंडात टाकायचा नाही, नीट काम करत नाही. जायच्या आठवडाभर आधी इथेच सवय केली.

तिथे बाबांचे मित्र अंगणात विड्या ओढत बसायचे. पहिले तीन दिवस मी गच्चीवर जाऊन गम चावत उभा राहिलो. बाबांनी विचारलं तेव्हा सांगितलं की सोडली. ते म्हणाले, "बरं केलंस. मला जमलं नाही." एवढंच बोलले, पण दुसऱ्या दिवसापासून मित्रमंडळी अंगणाऐवजी कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसायला लागली.

परत आल्यावर निकोटीन उतरवायला घेतलं. 18 वरून 12 वर आधीच आलो होतो. 2025 च्या मार्चमध्ये 6, सप्टेंबरमध्ये 3. प्रत्येक पायरीला पहिले काही दिवस झुरके वाढतात, आणि तिथेच वातीची परीक्षा होते, कारण जास्त झुरके म्हणजे कापसाला भरून यायला कमी वेळ. त्या दिवसांत मी शेपट्या नेहमीपेक्षा विरळ ठेवल्या आणि वॉट एकाने कमी केला. वापरून फेकायच्या व्हेपवर 1 जून 2025 पासून इथे बंदी आली, तेव्हा ऑफिसमधले दोघे माझ्याकडे आले. त्यांना मी आधी पॉड घ्यायला सांगितलं, आरटीए नाही. सिगारेट सुटायच्या पहिल्या आठवड्यांत स्क्रू आणि चिमटे हातात घेण्याइतकी शांतता नसते. आधी सिगारेट पूर्ण थांबू दे, दोन्ही सोबत चालू ठेवू नका, मग महिन्या-दोन महिन्यांनी खर्च आणि चव खटकायला लागली तर बांधायला शिका.

पुढचं गणितही सांगून ठेवतो. 1 ऑक्टोबर 2026 पासून इथे व्हेपच्या लिक्विडवर दर 10 मिलिलिटरला 2 पौंड 20 पेन्स कर लागणार आहे, त्यावर व्हॅट धरला की 2 पौंड 64 पेन्स. निकोटीन शून्य असलेल्या लिक्विडलाही तेवढाच. म्हणजे तीन पौंडांची बाटली साडेपाचच्या पुढे जाईल, आणि निकोटीन उतरवून पैसे वाचतील असं नाही. माझं ठरलंय की मार्चमध्ये 3 वरून शून्यावर जायचं, उन्हाळाभर शून्याचं लिक्विड ओढायचं, आणि कर सुरू व्हायच्या आधी टाकी बंद करायची. समुपदेशक बाईंची पुढची तारीख 9 फेब्रुवारी आहे, तेव्हा त्यांना हे वेळापत्रक दाखवणार आहे.